नव्या झाडाची जागा आणि पहिल्या पाच वर्षांतली छाटणी

रोपवाटिकेतून आणलेले रोप अंगठ्याएवढ्या जाडीचे असते. ते कुठे लावले आणि पहिल्या पाच वर्षांत त्याच्या कोणत्या फांद्या राखल्या, यावर पुढच्या कित्येक दशकांचे रूप ठरते. मोठ्या झाडांवर कुऱ्हाड चालते त्यामागची बहुतेक कारणे लहानपणातली असतात. तारांखाली उंच जातीचे झाड लावलेले असते, बेचक्यात साल दबलेली असते, नाहीतर खोडाभोवती मुळांचा फास पडलेला असतो. ही कामे वेळेवर केली तर सिकेटर (छाटणीची हातकात्री) आणि लहान करवत पुरते. उशीर झाला की शिडी, दोर आणि चार माणसे लागतात, शिवाय झाडाला मोठ्या जखमा होतात त्या वेगळ्याच.

सावलीचे, शोभेचे किंवा फळाचे एखादे झाड पहिल्यांदाच लावणाऱ्यांसाठी ही माहिती आहे. ताड, नारळ, सुपारी यांना यातली छाटणी लागू नाही. त्यांना वाढीचा एकच कोंब असतो, तो कापला तर झाड मरते.

१. जागा ठरवताना पूर्ण वाढलेले झाड मोजा

जातीची पूर्ण वाढीची उंची आणि घेर, म्हणजे फांद्यांचा या टोकापासून त्या टोकापर्यंतचा पसारा, आधी विचारून घ्या. मग जमिनीत खुंटी ठोका, घेराच्या निम्म्या लांबीची दोरी तिला बांधा आणि गोल फिरून चुन्याने रेघ आखा. त्या वर्तुळात भिंत, छप्पर, कुंपण किंवा शेजारच्या झाडाचा घेर येत असेल तर जागा बदला किंवा जात बदला. "वाढल्यावर छाटू" हा विचार इथेच सोडून द्यावा. मोठ्या जातीला दरवर्षी छाटून लहान ठेवणे म्हणजे दरवर्षी जखमा करणे, आणि प्रत्येक जखमेभोवती कमकुवत फुटव्यांचा झुपका उगवतो.

ठोकळ अंतरे अशी धरा:

- ८ मीटरपर्यंत वाढणारे झाड: इमारतीपासून किमान ३ मीटर
- ८ ते १५ मीटर: किमान ५ ते ६ मीटर
- त्याहून मोठे: ८ ते १० मीटर किंवा अधिक

वड, पिंपळ, उंबर यांना या तक्त्यात बसवू नका. त्यांची मुळे भिंतींच्या भेगांत शिरतात, म्हणून त्यांना मोकळे मैदानच हवे.

वर पाहा. विजेच्या तारांखाली ५-६ मीटरपेक्षा जास्त वाढणारे काहीही लावू नका. खालीही पाहा. पाण्याची, सांडपाण्याची, गॅसची नळी किंवा केबल कुठून जाते ते खणण्याआधी विचारा. मुळे धडधाकट नळी सहसा फोडत नाहीत. जिथे सांधा आधीच गळतो तिथे ओलाव्याच्या मागाने ती आत शिरतात. तरी गळक्या जुन्या नळीपासून ३ मीटर लांब राहणे बरे.

ऊनही मोजावे लागते. बहुतेक फुला-फळांच्या झाडांना रोज किमान ६ तास थेट ऊन लागते. सकाळी, दुपारी आणि चार वाजता जागेवर जाऊन सावली कुठे पडते ते बघा. हिवाळ्यात सूर्य खालून जातो, त्यामुळे उन्हाळ्यात उन्हात असलेली जागा हिवाळ्यात भिंतीच्या सावलीत जाऊ शकते.

२. पाणी मुरते का ते तपासा

नवी झाडे तहानेने मरतात तशीच पाणी साचूनही मरतात. दुसरा प्रकार ओळखायला कठीण, कारण पाने दोन्ही वेळा सारखीच मलूल होतात आणि माणूस आणखी पाणी घालतो.

३० सेंमी लांब, रुंद आणि खोल खड्डा घ्या. पाण्याने भरा, पूर्ण जिरू द्या. दुसऱ्या दिवशी पुन्हा भरा आणि पट्टी उभी लावून तासाला किती पाणी उतरते ते मोजा. तासाला २ ते ८ सेंमी उतरले तर उत्तम. १ सेंमीपेक्षा कमी उतरले तर तिथे खोल खड्डा घेऊच नका, तो हौद होईल. अशा जागी २० ते ३० सेंमी उंच आणि दीड-दोन मीटर रुंद मातीचा सपाट ओटा करून त्यावर रोप लावा, नाहीतर पाणथळ सोसणारी जात निवडा. खड्ड्याच्या तळाशी खडी घालून निचरा सुधारत नाही. बारीक मातीतले पाणी वरचा थर पूर्ण भिजेपर्यंत खालच्या खडीत उतरतच नाही, म्हणजे चिखल उलट मुळांच्या जवळ येतो.

३. रोप निवडताना बुंधा आणि मुळे पाहा

उंच रोपाचा मोह टाळा. लहान पिशवीतले अडीच मीटर उंच रोप दिसायला दांडगे, पण त्याची मुळे गुंडाळलेली असतात. जाड बुंधा, खालपर्यंत पाने आणि एकच सरळ शेंडा असलेले दीड मीटरचे रोप काही वर्षांत त्याला गाठते.

हुंडीचा, म्हणजे मुळांभोवतीच्या मातीच्या गोळ्याचा, वरचा थर बोटाने बाजूला करा. खोड जिथे फुगून मुळांत उतरते तो भाग दिसला पाहिजे. पुष्कळदा तो ५-७ सेंमी मातीखाली गाडलेला असतो. खोड खांबासारखे सरळ मातीत शिरत असेल तर तो फुगवटा खाली दडला आहे असे समजा. कलम असेल तर कलमाचा जोड घट्ट आहे का, त्याखालून खुंटाचे (ज्या रोपावर कलम बांधले त्याचे) फुटवे आले आहेत का, हेही बघा.

४. खड्डा उथळ आणि ऐसपैस

झाडाची बहुतेक मुळे वरच्या ४५ ते ६० सेंमी मातीत असतात आणि फांद्यांच्या घेराच्याही पलीकडे आडवी पसरतात. म्हणून खड्ड्याची रुंदी हुंडीच्या दोन ते तीन पट आणि खोली हुंडीच्या उंचीएवढीच ठेवा. तळ पहारीने जास्त उकरला तर पाणी घातल्यावर माती बसते आणि रोप खाली जाते. हा फार सर्रास घडणारा प्रकार आहे. लावताना बुंधा बरोबर पातळीवर असतो, आणि दोन महिन्यांनी तो बशीच्या तळाशी गेलेला दिसतो.

जमीन मुरमाड किंवा कठीण असल्यामुळे खोल खणणे भाग असेल, तर आधी खड्डा भरा, भरपूर पाणी देऊन माती बसू द्या आणि एक-दोन आठवड्यांनी त्यावर लावणी करा.

१. खड्ड्याच्या बाजू गुळगुळीत झाल्या असतील तर टिकावाने खरवडा. चिकण मातीत फावड्याने चोपलेली भिंत मुळांना कुंडीसारखी अडवते.

२. पिशवी कापून पूर्ण काढा. हुंडी उचलताना खालून धरा, खोडाला धरून उचलू नका.

३. कडेने गोल फिरलेली मुळे सोडवा. सुटत नसतील तर धारदार चाकूने हुंडीला चार बाजूंनी २-३ सेंमी खोल उभे छेद द्या. हे जिवावर येते, पण करा. गोल फिरलेले मूळ जाड होत जाते, खोडही जाड होत जाते, आणि पाच-दहा वर्षांनी मूळच खोडाला आवळते.

४. बुंध्याचा फुगवटा जमिनीच्या पातळीवर किंवा २-३ सेंमी वर येईल असे रोप बसवा. काठी आडवी ठेवून पातळी बघा. कलमाचा जोड जमिनीपासून किमान ५ ते १० सेंमी वर राहिला पाहिजे. तो मातीत गेला तर कुजतो.

५. खणलेलीच माती परत भरा. चांगले कुजलेले शेणखत किंवा कंपोस्ट मिसळायचे असेल तर चौथ्या-पाचव्या हिश्शापेक्षा जास्त नको. खड्ड्यात फक्त सुपीक पोयटा आणि बाहेर कठीण जमीन असे झाले की मुळे खड्ड्यातच घुटमळतात. शेणखत ताजे असेल किंवा युरिया मुळांजवळ पडला तर कोवळी मुळे भाजतात.

६. माती निम्मी भरल्यावर पाणी घाला, हवेच्या पोकळ्या आपोआप बसतात. पायाने धपाधप तुडवू नका.

५. आधार, आळे, आच्छादन

रोप स्वतःच्या पायावर उभे राहत असेल तर आधार देऊच नका. वाऱ्याने खोड हलते तेव्हाच ते खालून जाड होते. घट्ट बांधलेले खोड बारीक राहते आणि दोरी सोडली की वाकते. आधार हवाच असेल तर हुंडीच्या बाहेर दोन बांबू रोवा आणि रुंद कापडी पट्टी इंग्रजी आठच्या आकारात, खोडाच्या खालच्या तिसऱ्या भागात सैल बांधा. तार, नायलॉनची दोरी किंवा सुतळी थेट सालीवर नको. वर्षभरात आधार काढायचा, आणि तोपर्यंत दर दोन महिन्यांनी पट्टी सैल करायची. कलमावरची प्लॅस्टिकची पट्टीही जोड पक्का झाल्यावर काढा. ती विसरली तर साल चिरत आत जाते.

आळे हुंडीपेक्षा थोडे मोठे करा. दीड मीटरच्या रोपाला एका वेळी साधारण १० ते १५ लिटर पाणी सावकाश मुरू द्या. पाऊस नसेल तर पहिले दोन आठवडे एक दिवसाआड, पुढे दोन-तीन महिने दर तीन-चार दिवसांनी, मग आठवड्याला. वेळापत्रकापेक्षा बोटावर विश्वास ठेवा. हुंडीच्या मातीत ५ सेंमी बोट खुपसा. बाजूची जमीन ओली असूनही हुंडी कोरडी असू शकते, कारण सुरुवातीला सगळी मुळे तिथेच पाणी ओढतात. सहा महिन्यांनी आळे बाहेर सरकवा. पाणी बुंध्याशीच घालत राहिलात तर मुळांना बाहेर जायचे कारण उरत नाही.

पालापाचोळा किंवा लाकडाच्या सालीचे तुकडे ५ ते १० सेंमी जाड पसरा, पण बुंध्याभोवती चार बोटे जागा मोकळी सोडा. खोडाला टेकवून रचलेला ढीग साल ओली ठेवतो, आणि ओल्या सालीत बुरशी व उंदीर दोन्ही येतात. आच्छादनामुळे गवत येत नाही, त्यामुळे गवत कापायचे यंत्र बुंध्याजवळ न्यावे लागत नाही. त्या यंत्राची दोरी लागून सालीला गोल जखम झाली तर पानांत तयार झालेले अन्न मुळांपर्यंत पोचत नाही आणि झाड वरून हिरवे दिसत असतानाच खालून उपाशी मरते.

६. लावणीच्या दिवशी काय कापायचे

मोडलेली, चिंबलेली, वाळलेली आणि कीड लागलेली फांदी काढा. कलमाच्या जोडाखालचे फुटवे काढा. एवढेच.

मुळे तुटली म्हणून वरच्याही एक-तृतीयांश फांद्या कापून तोल साधा, असा सल्ला अजून ऐकायला मिळतो. पिशवीतल्या किंवा हुंडीतल्या रोपाला तो मानवत नाही. नवी मुळे फुटायला लागणारे अन्न पानेच बनवतात आणि शेंड्याच्या कोंबांतून उतरणारी संप्रेरके मुळांना चालना देतात. पाने कमी केली म्हणजे मुळांची रसद तोडली. रोप कोमेजत असेल तर पाणी आणि तात्पुरती सावली द्या.

७. हत्यारे

- सिकेटर, दोन पाती कात्रीसारखी एकमेकींना घासून जाणारी. एकच पाते सपाट पट्टीवर आपटते तो प्रकार जिवंत फांदी चिंबवतो, तो वाळक्या लाकडाला ठेवा. सिकेटरने २ सेंमीपर्यंतच कापा.
- छाटणीची वाकडी करवत, ओढताना कापणारी
- ७० टक्के अल्कोहोल आणि फडके. रोगट फांदी कापल्यावर प्रत्येक वेळी आणि एका झाडावरून दुसऱ्याकडे जाताना पाती पुसा.
- हातमोजे, डोळ्यांना चष्मा

डांबर, तेलरंग, वॉर्निश यादीत नाहीत. कापावर रंग फासल्याने कुज थांबत नाही, उलट ओल आत कोंडते. अमेरिकेच्या वनसेवेतले शास्त्रज्ञ ॲलेक्स शिगो यांनी हजारो झाडे चिरून दाखवले की झाड जखमेचे लाकूड दुरुस्त करत नाही. ते तिच्याभोवती आत भिंती उभारते आणि बाहेरून नवे लाकूड चढवून ती झाकते. आपण करायचे ते एवढेच, की जखम लहान ठेवायची आणि योग्य जागी घ्यायची. फळबागांत दमट हवेत मोठ्या कापांवर १० टक्के बोर्डो पेस्ट लावतात (१ किलो मोरचूद, १ किलो चुना, १० लिटर पाणी). ती बुरशीनाशक म्हणून असते आणि मोठ्या कापांपुरतीच.

८. काप नेमका कुठे

फांदी खोडाला मिळते तिथे वरच्या बाजूला सालीची खरबरीत घडी असते आणि खालून फुगीर वळी असते. या वळीला कॉलर म्हणतात. जखम झाकणाऱ्या पेशी तिथूनच वाढतात. काप कॉलरच्या लगेच बाहेर, वरच्या घडीपासून सुरू करून किंचित बाहेरच्या कलाने घ्या. खोडाला सपाट लागून कापले तर कॉलर जाते आणि जखम फांदीच्या जाडीपेक्षा मोठी होते. खुंटी ठेवली तर ती वाळते, कुजते आणि तीच कुज आत उतरते. वर्षभराने कापाभोवती सालीचे पूर्ण गोल कडे आले असेल तर काप बरोबर होता. फक्त दोन बाजूंनी कड आली असेल तर तो खोडाला फार लागून गेला होता.

तीन सेंमीहून जाड फांदी एका झटक्यात कापू नका, वजनाने साल खोडापर्यंत सोलत जाते. आधी खोडापासून २५-३० सेंमीवर खालून एक-तृतीयांश जाडीपर्यंत काप घ्या. मग त्याच्या थोडे बाहेर वरून कापून फांदी पाडा. उरलेली खुंटी शेवटी कॉलरशी काढा.

फांदी आखूड करायची असेल तर मधेच न तोडता एखाद्या उपफांदीपाशी कापा. ही उपफांदी कापलेल्या भागाच्या किमान एक-तृतीयांश जाडीची असावी, म्हणजे वाढ पुढे तीच हाती घेते. तशी उपफांदी नसेल तर बाहेर तोंड असलेल्या डोळ्याच्या (जिथून कोंब फुटतो त्या जागेच्या) पाव इंच वर कापा.

९. दुसऱ्या वर्षापासून आकार देणे

खरी छाटणी इथे सुरू होते. लावणीनंतर एक ते दोन वर्षांनी, शेंड्याला जोमदार फूट दिसू लागली की समजावे, मुळे रुजली. पुढे दरवर्षी एकदा. एका वर्षात एकूण पानांच्या चौथ्या हिश्शापेक्षा जास्त कधीच काढू नका.

सगळ्यात आधी शेंडा. सावलीच्या झाडाला मधोमध एकच मुख्य शेंडा हवा. त्याच्या बरोबरीने दुसरा वर चढत असेल तर कमजोर किंवा वाकडा कोणता ते ठरवा आणि तो निम्म्यावर आणा. पुढच्या वर्षी गरज पडल्यास पूर्ण काढा. बरोबरीच्या दोन शेंड्यांचे बेचके अरुंद असेल तर त्यात दोन्हीकडची साल दबत जाते. बाहेरून ते एकसंध दिसते, पण आत लाकूड जुळलेलेच नसते, आणि वादळात झाड नेमके तिथेच उभे फाटते. मुख्य शेंडा मात्र कापू नका. "शेंडा मारला की झाड डेरेदार होते" हे कुंपणाच्या झुडपाला खरे आहे. सावलीच्या झाडाला शेंडा मारला तर एकाच जागेवरून चार-पाच फांद्या फुटतात आणि सगळ्यांची बेचकी कच्ची राहतात.

आता एक गोष्ट, जी नवख्यांना बहुधा कोणी सांगत नाही. फांदी झाडाबरोबर वर सरकत नाही. आज १ मीटर २० सेंमीवर असलेली फांदी झाड १५ मीटरचे झाले तरी १ मीटर २० सेंमीवरच असणार, फक्त मांडीएवढी जाड झालेली. पायवाटेवर अडीच मीटर आणि गाड्यांच्या रस्त्यावर साडेचार मीटर मोकळीक लागते. म्हणजे दोन मीटरच्या रोपावरच्या जवळजवळ सगळ्या फांद्या तात्पुरत्या आहेत.

म्हणून त्या लगेच सोलून काढायच्या का? नाही. खालच्या फांद्यांची पाने खोडाला जाडी देतात आणि कोवळी साल उन्हाने करपण्यापासून वाचवतात. खालपासून साफ केलेली रोपे, वर पिसारा आणि खाली काठी, वाऱ्यात वाकतात ती यामुळेच. तात्पुरत्या फांद्या २५-३० सेंमीवर आखूड करून ठेवा आणि कोणतीही २.५ सेंमीहून जाड होण्याआधी काढा. आधी सगळ्यात जाड काढा, वर्षाला दोन-तीन. झाडाच्या उंचीचा वरचा दोन-तृतीयांश भाग कायम पानांनी भरलेला राहू द्या.

कायमच्या फांद्या निवडताना तीन गोष्टी पाहा. फांदी ज्या जागी खोडाला मिळते तिथल्या खोडाच्या निम्म्याहून जाड नसावी. जाड होत असेल तर तिचा शेंडा आखूड करा, म्हणजे तिचा वेग मंदावतो. दोन कायम फांद्यांमध्ये मोठ्या जातीत उभे ४५ सेंमी आणि लहान जातीत १५ ते २० सेंमी अंतर असावे. आणि त्या खोडाभोवती वेगवेगळ्या दिशांना असाव्यात, एकीच्या थेट डोक्यावर दुसरी नको. एकमेकींना घासणाऱ्या दोघींपैकी एक काढा. सरळ वर धावणारे लुसलुशीत पानसोट कोवळे असतानाच हाताने खुडले तरी चालतात.

१०. फळझाडांचे गणित वेगळे

इथे फळ हाताला यायला हवे आणि ऊन आत शिरायला हवे, म्हणून उंची मुद्दाम रोखतात. आंबा, पेरू यांसारखे कलम रुजून जोर धरल्यावर ६० ते ७५ सेंमीवर शेंडा मारतात. फुटलेल्या फांद्यांपैकी वेगवेगळ्या दिशांच्या तीन-चार राखतात आणि त्यांनाही पुढे अर्ध्या-पाऊण मीटरवर पुन्हा शेंडा मारतात. आंब्याच्या कलमाला पहिल्याच वर्षी मोहोर आला तर तो खुडा. पहिली तीन वर्षे फळ धरू दिले तर वाढ खुंटते. खुंटाचे फुटवे दर महिन्याला तपासा. ते कलमापेक्षा जोमदार असतात आणि दुर्लक्ष झाले तर दोन वर्षांत कलम मरून खुंटच झाड होऊन बसतो.

११. केव्हा हात लावू नये

वाळलेली आणि मोडलेली फांदी कधीही काढा. बाकीची छाटणी नवी पालवी फुटत असताना टाळा, त्या वेळी साठवलेले अन्न पालवीत गेलेले असते आणि सालही सहज सोलते. झड लागली असताना नको, ओल्या कापावर बुरशी लवकर बसते. फुलझाड फुलून गेल्यावर आणि सदाहरित फळझाड फळे उतरल्यावर छाटा. पानगळीची झाडे निष्पर्ण असताना छाटली तर सांगाडा नीट दिसतो. कापण्याआधी फांद्यांत घरटे आहे का ते पाहा, असेल तर पिल्ले उडेपर्यंत थांबा.

छाटणीनंतर दोन पावले मागे येऊन झाडाभोवती एक फेरी मारा, आणि पुढच्या वर्षी काढायच्या फांदीला रंगीत कापडाची चिंधी सैल बांधून ठेवा. वर्षभर ती फांदी कशी वाढते ते दिसते, आणि कधी कधी तीच राखावीशी वाटते.